विजयानंतरचा हिशोब
(अमेरिकन फुटबॉल, खेळाडूंचे स्वातंत्र्य आणि विजेत्या संघांची मोडतोड)

अमेरिकेत ज्याला ‘फुटबॉल’ म्हणतात त्या खेळात पायाचे काम थोडे आणि खांद्याचे फार. लंबगोल चेंडू काखेत धरून पळायचे किंवा लांब फेकायचे, आणि समोरच्याने पळणाऱ्याला लोळवायचे, असा तो धसमुसळा खेळ आहे. आपल्याकडे त्याचे चाहते मोजकेच. तरीही त्याच्या इतिहासावर लिहावेसे वाटले ते खेळाडूंच्या करारांमुळे. मालकाने माणसाला किती बांधून ठेवावे, माणसाला सुटण्याचा हक्क कधी मिळावा आणि त्या हक्काची किंमत कोणी मोजावी, या तीन प्रश्नांचा इतका तारीखवार आणि आकडेवार इतिहास दुसऱ्या धंद्यात क्वचितच सापडतो.

या इतिहासाच्या पोटात एक कोडे आहे. नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, या तिथल्या मुख्य संघटनेत दरवर्षी एक संघ ‘सुपर बोल’ हा अंतिम सामना जिंकतो. मिरवणूक निघते, अंगठ्या वाटल्या जातात, आणि पाच-सहा आठवड्यांत त्याच संघाचे खेळाडू एकेक करून दुसऱ्या गावाची वाट धरतात. कधी तर अंतिम सामन्याचा मानकरीच निघून जातो. ‘गड आला पण सिंह गेला’ हे आपल्याकडे शोकाने म्हणतात. तिथे तो वार्षिक कार्यक्रम आहे. जिंकलेला संघ स्वतःच्या हाताने मोडायची ही रीत कुठून आली, याचा शोध घेतला की आपण न्यायालयांत, संपांत आणि हिशोबाच्या वह्यांत जाऊन पोहोचतो.

बांधलेली माणसे

एनएफएलची स्थापना १९२० साली ओहायो राज्यातल्या कँटन गावी झाली. सुरुवातीच्या काळात संघ उदयाला येत आणि बुडत. १९३६ पासून ‘ड्राफ्ट’ सुरू झाला. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड संघांनी पाळीपाळीने करायची, आणि तळाच्या संघाला पहिली पाळी, अशी ही पद्धत. दुबळ्याला बळ देणारी म्हणून तिचे कौतुक होते, आणि ते खोटे नाही. पण खेळाडूच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ वेगळा होता. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच बोलायचे. दुसऱ्या कोणाकडे नोकरी मागायची सोय नाही.

करार संपल्यावरही सुटका नव्हती. छापील करारनाम्यात एक कलम असे की, मुदत संपल्यावर संघाला खेळाडू आणखी एक वर्ष ठेवून घेता येईल, तेही पगाराच्या नव्वद टक्क्यांवर. ते वर्ष काढले की खेळाडू कागदोपत्री मोकळा. १९६२ साली आर. सी. ओवेन्स हा खेळाडू अशा रीतीने सॅन फ्रान्सिस्को सोडून बाल्टिमोरला गेला आणि मालकांचे डोळे उघडले. पुढच्याच वर्षी लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आला. मोकळा झालेला खेळाडू ज्याने घेतला, त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची; दोघांचे जमले नाही तर भरपाई आयुक्त ठरवणार. भरपाईत आपला कोणता खेळाडू जाईल हे आधी कळायची सोय नाही. अशा अंधारात कोण सौदा करणार?

परिणाम न्यायालयाच्या निकालपत्रात आकड्यांनी नोंदवलेला आहे. १९६३ ते १९७४ या बारा वर्षांत १७६ खेळाडूंनी ते जादा वर्ष पूर्ण केले. त्यांतल्या फक्त ३४ जणांना दुसऱ्या संघाने घेतले. त्या ३४ पैकी आयुक्तांना स्वतः भरपाई ठरवावी लागली ती केवळ चार प्रकरणांत. नियम वापरावा लागतच नव्हता; त्याचा धाकच पुरेसा होता.

त्या काळातल्या थोर संघांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे असे मला वाटते. विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सनी १९६१ ते १९६७ या सात हंगामांत पाच अजिंक्यपदे मिळवली. पिट्सबर्ग स्टीलर्सनी १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत चार. आणि त्या चारही विजयांत असलेले खेळाडू होते २२. स्टीलर्सची नजर पारखी होती यात शंका नाही. १९७४ च्या एकाच ड्राफ्टमध्ये त्यांनी निवडलेले चार तरुण पुढे खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. पण पारखलेली माणसे सहा-सहा वर्षे टिकली, त्यामागे गुरुभक्तीइतकेच कुलूपही होते. आजही त्या संघांचे ‘एकनिष्ठ’ म्हणून गोडवे गायले जातात. दार बाहेरून बंद असताना घरात राहण्याला निष्ठा म्हणायचे का, हा प्रश्न त्या गोडव्यांत कोणी विचारत नाही.

संघटना मोडून जिंकलेला खटला

हा प्रश्न न्यायालयात नेला तो जॉन मॅकी यांनी. ते बाल्टिमोर कोल्ट्सचे खेळाडू आणि १९७० साली दोन प्रतिस्पर्धी लीग एकत्र झाल्यावर खेळाडू संघटनेचे पहिले अध्यक्ष. बेसबॉलला अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९२२ सालीच मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली होती; फुटबॉलला मात्र १९५७ च्या रॅडोविच खटल्यात ती नाकारली गेली. त्या फटीतून मॅकी आत शिरले. १९७५ च्या अखेरीस मिनेसोटातल्या न्यायालयाने रोझेल नियम बेकायदा ठरवला आणि १९७६ मध्ये वरच्या न्यायालयाने निकालाचा गाभा कायम ठेवला.

कोर्टात जिंकलेले वाटाघाटीच्या टेबलावर गेले. १९७७ च्या करारात संघटनेने पैसे आणि स्वतःची मान्यता पदरात पाडून घेतली, आणि बदल्यात एक नवी भरपाई पद्धत स्वीकारली. बाहेरच्या संघाने देऊ केलेला पगार जुन्या संघाने दिला तर खेळाडू तिथेच राहणार. नाही दिला तर नव्या संघाने आपल्या ड्राफ्टच्या निवडी द्यायच्या. पुढच्या दहा वर्षांत या वाटेने जवळपास कोणीच गेले नाही.

१९८२ साली मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्या बंद पडल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात एनएफएलचे खेळाडू संपावर गेले. दोन्ही संपांची तुलना करणे योग्य नाही. एका बाजूला अडीच लाख कुटुंबांची चूल होती, दुसऱ्या बाजूला मोजके चांगले कमावणारे लोक. फुटबॉलचा संप ५७ दिवस चालला आणि सोळा सामन्यांचा हंगाम नऊवर आला. १९८७ चा दुसरा संप मात्र गिरणगावातल्या कोणालाही ओळखीचा वाटावा. खेळाडू मोकळेपणाचा हक्क मागत बाहेर पडले, आणि मालकांनी एक आठवडा सामने रद्द करून पुढचे तीन आठवडे बदली खेळाडूंवर खेळ चालवला. ‘बदली’ हा आपला गिरणीतलाच शब्द तिथे चपखल बसतो. दूरचित्रवाणीवर सामने दिसत राहिले, काही नामवंत खेळाडू संप मोडून आत गेले आणि २४ दिवसांनी संप करारावाचून संपला.

त्यानंतर जे घडले ते कामगार चळवळीच्या इतिहासात विरळा आहे. १९८९ मध्ये वरच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, जोवर संघटना आणि मालक यांचे सामूहिक नाते चालू आहे तोवर खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार घेता येणार नाही. म्हणजे खेळाडूंची ढालच त्यांच्या पायातली बेडी ठरली. तेव्हा संघटनेने कामगार संघटना म्हणून आपला दर्जाच सोडून दिला, आणि खेळाडू एकेकटे नागरिक म्हणून कोर्टात उभे राहिले. मालकांनी तोवर ‘प्लॅन बी’ नावाची योजना आणली होती. प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेले मोकळे. यातली गंमत अशी की, राखीव बाकावरचा माणूस पगारवाढ घेऊन दुसरीकडे जाऊ शके आणि संघाचा हिरा जागच्या जागी अडकून पडे.

न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि इतर सात जण यांचा खटला १९९२ मध्ये मिनियापोलिसला न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांच्यापुढे चालला. ज्युरीत आठ जणी होत्या, सगळ्या स्त्रिया. सप्टेंबरात त्यांनी ‘प्लॅन बी’ कायद्याला धरून नाही असा कौल दिला. पाठोपाठ फिलाडेल्फियाच्या रेजी व्हाइटच्या नावाने सर्व खेळाडूंच्या वतीने दावा उभा राहिला आणि मालक तडजोडीला आले. १ मार्च १९९३ रोजी खऱ्या अर्थाने मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडला. रेजी व्हाइटसाठी मोठमोठी शहरे पायघड्या घालत होती. त्याने निवडले ग्रीन बे, जेमतेम लाखाच्या वस्तीचे थंड गाव. चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर ठरले. दूरचित्रवाणीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात म्हणून गावाला ते परवडले. चौथ्या हंगामाच्या शेवटी, जानेवारी १९९७ मध्ये, पॅकर्स सुपर बोल जिंकले.

छत आणि त्यातली फट

मालकांनी हक्क दिला तो फुकट नव्हे. १९९४ पासून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. लीगच्या ठरावीक उत्पन्नाचा करारात ठरलेला हिस्सा घ्यायचा, तो संघांच्या संख्येने भागायचा, आणि तेवढ्यात आपली सगळी माणसे बसवायची. पहिल्या वर्षी हे छत प्रत्येक संघाला सुमारे ३ कोटी ४६ लाख डॉलर होते. २०२५ मध्ये ते २७ कोटी ९२ लाखांवर गेले. छत उंचावते, पण सगळ्यांसाठी सारखेच असते. मालक कितीही गडगंज असला तरी पगारावर मन मानेल तसा खर्च करता येत नाही.

यातूनच विजेत्याचे संकट जन्मते. जिंकणारा संघ बहुधा तरुण असतो, आणि तरुण म्हणजे स्वस्त. ड्राफ्टमधून आलेले खेळाडू पहिल्या करारावर, त्यांच्या खऱ्या मोलापेक्षा कमी पैशांत खेळत असतात. त्या बचतीवर विजय उभा राहतो. मग विजयच त्यांचे मोल वाढवतो आणि सगळ्यांची बिले एकाच सुमारास दारात येतात. हरलेल्या संघाकडे छताखाली मोकळी जागा असते आणि विजेत्याच्या मांडवातला माणूस त्याला हवा असतो. त्यामुळे विजेत्याला स्वतःच्याच खेळाडूची किंमत दुसऱ्याने ठरवलेल्या दराने मोजावी लागते.

छताला एक फट होती आणि आहे. करारावर सही करताना दिलेले बक्षीस खेळाडूला लगेच मिळते, पण हिशोबात ते कराराच्या वर्षांवर विभागले जाते. समजा, चार वर्षांच्या करारावर १ कोटी २० लाख डॉलर रोख दिले. छताखाली दरवर्षी ३० लाख लागतात. दोन वर्षांनी त्या खेळाडूला काढले तर उरलेले ६० लाख संघाच्या मानगुटीवर बसतात. माणूस गेलेला, जागा मात्र अडलेली. याला तिकडे ‘डेड मनी’ म्हणतात. करारातला पुढच्या वर्षांचा पगार बहुतेक वेळा हमीचा नसतो, त्यामुळे वर्तमानपत्रात छापलेला आकडा आणि हातात पडणारा पैसा यांत पुष्कळ अंतर राहते. संघ चुकला की भार ‘डेड मनी’चा; खेळाडूचा पाय मोडला की भार खेळाडूचा.

विजेत्या संघांनी या हिशोबाला दिलेली उत्तरे अनेक आहेत. मी इथे तीनच घेतो, कारण तीन वेगळे स्वभाव त्यांत दिसतात.

पहिले उत्तर: मोजके हिरे राखा

डॅलस काउबॉइज हा संघ जेरी जोन्स या तेल-वायू धंद्यातल्या मालकाने १९८९ साली घेतला. त्या हंगामात संघाने सोळांपैकी एकच सामना जिंकला. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी हर्शेल वॉकर हा आपला सर्वांत मौल्यवान खेळाडू मिनेसोटाला देऊन ड्राफ्टच्या निवडींची रास घेतली आणि तिच्या आधारे संघ नव्याने उभारला. ट्रॉय एकमन १९८९ मध्ये आला, एमिट स्मिथ १९९० मध्ये, रसेल मेरीलँड आणि अल्विन हार्पर १९९१ मध्ये. जानेवारी १९९३ मध्ये या तरुणांनी बफेलोला ५२–१७ असे चिरडले.

पहिले बिल लगेच आले. एमिट स्मिथ नव्या कराराशिवाय मैदानात उतरायला तयार नव्हता. संघ त्याच्याविना पहिले दोन सामने हरला आणि मालकाने चार वर्षांचे १ कोटी ३६ लाख डॉलर कबूल केले. डिसेंबरात एकमनशी आठ वर्षांचा ५ कोटींचा करार झाला. जानेवारी १९९४ मध्ये डॅलस पुन्हा विजेता. त्याच वर्षी छत आले. मार्चमध्ये जॉन्सन मालकाशी न पटून गेले आणि पाठोपाठ मधली फळी सुटू लागली. केन नॉर्टन सॅन फ्रान्सिस्कोला, केव्हिन गोगन रेडर्सकडे, जिमी जोन्स रॅम्सकडे. ही पोस्टरवरची नावे नव्हती. संघाचे वासे होती.

नॉर्टनचे जाणे सर्वांत महागात पडले. ज्या प्रतिस्पर्ध्याला डॅलसने सलग दोन वर्षे उपांत्य सामन्यात हरवले होते, त्याच सॅन फ्रान्सिस्कोने त्या उन्हाळ्यात बाजारातून नॉर्टन, डिऑन सँडर्स, रिकी जॅक्सन यांसारखे लोक जमवले. जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी डॅलसला ३८–२८ असे हरवले आणि पुढे सुपर बोलही जिंकला. सलग तीन सुपर बोल जिंकणारा पहिला खेळाडू म्हणून नॉर्टनची नोंद झाली. दोन डॅलसकडून, तिसरा डॅलसला हरवून.

जोन्स यांचे उत्तर होते आणखी एक हिरा. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांनी डिऑन सँडर्सला सात वर्षांच्या साडेतीन कोटींच्या कराराने आणले. सहीचे बक्षीस १ कोटी ३० लाखांच्या घरात आणि पहिल्या तीन वर्षांचा मूळ पगार नाममात्र, म्हणजे फटीचा पुरेपूर वापर. जानेवारी १९९६ मध्ये चार वर्षांतले तिसरे अजिंक्यपद मिळाले. त्या सामन्याचा मानकरी ठरला लॅरी ब्राउन, ड्राफ्टच्या बाराव्या फेरीत निवडलेला साधा बचावपटू, ज्याने दोन महत्त्वाचे चेंडू अडवून हाती घेतले. रेडर्सनी त्याला पाच वर्षांचे सव्वा कोटी डॉलर देऊ केले. डॅलसला ते परवडणारे नव्हते. ब्राउन रेडर्सकडे दोन हंगामांत बाराच सामने खेळला. एका संध्याकाळची किंमत पाच वर्षांना लावली की काय होते, याचे उदाहरण म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. मला मात्र त्यात ब्राउनचा दोष दिसत नाही. बाराव्या फेरीतल्या माणसाच्या आयुष्यात अशी संध्याकाळ एकदाच येते.

मेरीलँडही त्याच उन्हाळ्यात गेला. १९९७ मध्ये डॅलसचे सहा विजय आणि दहा पराभव झाले. २००० ते २००२ ही तिन्ही वर्षे पाच-अकराची गेली. हिरे होते तसेच होते, पण वय वाढत होते, मानेला आणि डोक्याला मार बसत होता, आणि ज्या स्वस्त तरुणांनी त्यांच्या खालची जमीन भरायची ते ड्राफ्टमधून मिळत नव्हते. पुढची पंचवीसहून अधिक वर्षे हा संघ सुपर बोलच्या अलीकडच्या पायरीपर्यंतही पोहोचला नाही.

दुसरे उत्तर: वेळेआधी निरोप द्या

न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचे बिल बेलिचिक यांचा मार्ग उलटा. ड्रू ब्लेडसो या त्यांच्या मुख्य खेळाडूशी मार्च २००१ मध्ये संघाने दहा वर्षांचा १० कोटी ३० लाखांचा करार केला. सप्टेंबरात तो जबर जखमी झाला आणि ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी आत आला. फेब्रुवारी २००२ मध्ये संघ विजेता झाला, आणि एप्रिलमध्ये ब्लेडसोला त्याच विभागातल्या बफेलोला देऊन पहिल्या फेरीची निवड घेतली गेली.

खरी कसोटी २००३ मध्ये लागली. लॉयर मिलॉय हा संघाचा एक कर्णधार, ड्रेसिंग रूमचा लाडका. पगार कमी करायला त्याने नकार दिला आणि हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या पाच दिवस आधी त्याला काढून टाकण्यात आले. त्याने बफेलो गाठले. पहिला सामना बफेलोशीच होता, तिथे ब्लेडसोही होता, आणि पेट्रिअट्स ३१–० असे हरले. खेळाडू आपल्या प्रशिक्षकाचा द्वेष करतात, असे एका समालोचकाने दूरचित्रवाणीवर जाहीर करून टाकले. हंगामाचा शेवटचा सामना पुन्हा बफेलोशी आला आणि निकाल लागला ३१–०, या वेळी पेट्रिअट्सच्या बाजूने. फेब्रुवारी २००४ आणि फेब्रुवारी २००५, दोन्ही सुपर बोल त्यांनी जिंकले.

पद्धत कठोर होती पण तिच्यात तर्क होता. खेळाडूला त्याने काल काय केले याचे नव्हे, उद्या तो काय करील याचे पैसे द्यायचे. घसरण दिसण्याच्या एक वर्ष आधी त्याला सोडायचे, आणि जमल्यास सोडताना एखादी निवड पदरात पाडून घ्यायची. २००५ च्या अंतिम सामन्याचा मानकरी डिऑन ब्रँच पुढच्याच वर्षी सिॲटलला पहिल्या फेरीच्या निवडीवर गेला. या तर्काची हद्दही लक्षात घ्यायला हवी. २००५ नंतरचे अजिंक्यपद मिळायला त्यांना दहा वर्षे लागली. शिवाय सगळ्या व्यवहाराच्या केंद्रस्थानी असा एक खेळाडू होता जो अनेक वर्षे बाजारभावापेक्षा कमी पैशांत खेळत राहिला. ब्रेडीने सोडलेल्या पैशांतून इतरांचे पगार होत होते.

आणि शेवटी तोच नियम ब्रेडीलाही लागू झाला. मार्च २०२० मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो मोकळा होऊन टँपा बेला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत तिथे सुपर बोल जिंकला. पेट्रिअट्स त्या हंगामात सोळांपैकी नऊ सामने हरले. बेलिचिकांच्या वहीतला हिशोब त्या एका ओळीत चुकला.

तिसरे उत्तर: कोणालाच सोडू नका

टँपा बेने मग असे केले जे छताच्या युगात कोणत्याही विजेत्याला जमले नव्हते. सुपर बोलला मैदानात उतरलेले बावीसच्या बावीस मुख्य खेळाडू त्यांनी पुढच्या हंगामासाठी ठेवून घेतले. पैसे कुठून आले? पुढच्या वर्षांतून. करार लांबवले, बक्षिसे पुढे विभागली, आजचे बिल उद्यावर ढकलले. संघ चांगला खेळला, पण जानेवारी २०२२ मध्ये रॅम्सकडून शेवटच्या क्षणी ३०–२७ असा हरला आणि तो उद्या पुढे हप्त्याहप्त्याने वसूल झाला. उधारीवर घेतलेले सणाचे कपडे सण संपल्यावरच महाग वाटतात.

कॅन्सस सिटीचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. पॅट्रिक महोम्सशी त्यांनी दीर्घ करार केला, पण मार्च २०२२ मध्ये टायरीक हिल हा त्यांचा वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू पाच निवडींच्या बदल्यात मायामीला दिला. शहरात हळहळ झाली. पुढचे दोन्ही सुपर बोल त्यांनीच जिंकले. म्हणजे एक हिरा राखायचा आणि दुसरा वेळेवर मोडायचा. डॅलस आणि न्यू इंग्लंड यांच्या मधली ही वाट आहे.

आपल्याला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सनी २०१९ आणि २०२० अशी दोन अजिंक्यपदे मिळवली. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी त्यांना चारच खेळाडू राखता आले. हार्दिक पंड्या गेला. त्याच्या नेतृत्वाखाली गुजरात टायटन्स त्याच वर्षी विजेते झाले आणि मुंबई दहा संघांत तळाला गेली. सर्वांना सारखी थैली द्यायची म्हटली की विजेत्याची फळी फुटणार, हे गणित तिथे आणि इथे एकच आहे.

निष्ठा कोणाची?

छताचा जमाखर्च मांडताना मला दोन बाजू दिसतात. मोकळेपणामुळे पगार कैक पटींनी वाढले आणि ग्रीन बेसारखे गावही स्पर्धेत राहिले. पण छताखाली सर्वांत जास्त घुसमट झाली ती मधल्या माणसाची. सात-आठ वर्षे खेळलेला, भरवशाचा, नाव नसलेला खेळाडू. हिऱ्याचे पैसे ठरलेले, नवख्याला थोडक्यात भागते. कात्री लागते ती याला. अनुभवाप्रमाणे वाढणाऱ्या किमान वेतनामुळेच तो महाग ठरू लागला, तेव्हा अशा जुन्या खेळाडूंचे वेतन छतात कमी धरण्याची सवलत पुढे नियमांत आणावी लागली. चाहत्यांना मात्र या हिशोबात रस नसतो. त्यांच्या लेखी सोडून जाणारा लोभी आणि काढून टाकणारा व्यवहारी.

या आरोपाला बाल्टिमोरचा इतिहास उत्तर देतो. ज्या कोल्ट्सनी मॅकी यांच्यासारख्यांना शहराशी बांधून ठेवले होते, त्याच कोल्ट्सच्या मालकाने मार्च १९८४ मध्ये एका रात्री सामान ट्रकमध्ये भरून संघच इंडियानापोलिसला हलवला. खेळाडूंना मोकळेपणाचा हक्क मिळण्याच्या नऊ वर्षे आधी मालकाने तो स्वतःपुरता बजावून घेतला होता. बारा वर्षांनी बाल्टिमोरने क्लीव्हलँडचा संघ आणून आपली जखम भरली, आणि क्लीव्हलँडला तीच जखम दिली.

जॉन मॅकी यांना हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला तो १९९२ साली, पात्रतेच्या पंधराव्या आणि शेवटच्या वर्षी. इतका उशीर त्यांच्या खटल्यामुळे झाला असे अनेकांचे मत होते. ऑगस्टमध्ये त्यांचा सन्मान झाला आणि पुढच्याच महिन्यात मिनियापोलिसच्या त्या आठ जणींनी कौल दिला. उतारवयात मॅकी यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले. त्यांच्या पत्नीच्या पाठपुराव्यानंतर २००७ मध्ये लीग आणि संघटनेने अशा माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंतची योजना सुरू केली. ८८ हा मॅकींच्या पाठीवरचा क्रमांक. २०११ च्या जुलैत ते गेले. त्या वेळीही मालकांनी टाळेबंदी केलेली होती आणि पुढच्या कराराच्या वाटाघाटी सुरू होत्या.

दर मार्च महिन्यात एखादा विजेता खेळाडू गाव सोडतो तेव्हा चाहते त्याचे जुने सदरे काढून ठेवतात. संघाने हिशोब केला, तसा त्यानेही केला, एवढेच त्यात असते. हा हिशोब करण्याचा हक्क खेळाडूला मिळायला एनएफएलच्या स्थापनेपासून त्र्याहत्तर वर्षे लागली, आणि ज्याने त्याची पहिली ओळ लिहिली त्याला स्वतःला तो कधीच वापरता आला नाही.